पहिली कळशी

प्रिय आत्ती,

आज सकाळी भाजीवाल्या मावशींनी तुमच्या दारातल्या रांजणात तांब्या घातला आणि तो कोरड्या तळाला जाऊन वाजला. मी नेमकी तेव्हा तुमच्या घराचं कुलूप काढत होते. सुमनताईंनी दुधनीला सासरी परत जाताना किल्ली माझ्याकडे दिली आहे, अधूनमधून खिडक्या उघडत जा म्हणून. मावशींनी तांब्या बाहेर काढला, पदरानं पुसला, झाकणावर पालथा ठेवला आणि मला विचारलं, "म्हातारी लेकीकडं गेली व्हय?"

"नाही हो. गेल्या त्या. गड्ड्याच्या जत्रेनंतर."

त्या ज्वारीच्या सुगीला गावाकडे गेल्या होत्या, त्यामुळे त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी रांजणाला हात जोडले. मग पाटी डोक्यावर घेऊन निघाल्या. मी "थांबा, आतून पाणी देते" म्हणेपर्यंत कोपऱ्यावर पोचल्यासुद्धा! आणि आत तरी कुठे पाणी होतं? तुमचं पिंपही कोरडं ठणठणीत.

म्हणून हे पत्र. शिवाय दादाला रविवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. माझ्या भावानं पुण्यात आमच्यासाठी एक फ्लॅट शोधलाय. म्हणायला पुण्यात, पण पार गावाबाहेर. तिथून पुढे शेतंच सुरू होतात म्हणे. महेश म्हणतो, "अट तुझी होती, निर्णयही तुझाच." असं सगळं माझ्या पदरात टाकून तो लॅपटॉपसमोर बसतो. तुमचा भाचा तो! तुम्हीच सांगा आता, कुणाशी भांडू?

अट आठवते ना? पुण्याच्या आमच्या घरात तुम्ही शेवटच्या राहायला आलात तेव्हाची. सोलापूरहून येताना पायलीभर ज्वारी आणि शेंगाच्या चटणीचा डबा घेऊन चार जिने चढून आला होतात. लिफ्टवर तुमचा विश्वास नव्हता. पुणं तेव्हा आम्हाला हळूहळू बाहेर ढकलत होतं. लग्न झालं तेव्हा कोथरूड, मग वारजे, मग धायरीच्याही पुढे. करार संपत आला की घरमालकांचा आवाज गोड व्हायचा, आणि तो गोड झाला की मी खोकी बांधायला काढायचे. दर वेळी घर लहान आणि भाडं मोठं. महेश दिवसभर लोकांच्या बंगल्यांचे नकाशे काढायचा आणि रात्री भाड्याच्या घरांच्या जाहिराती बघायचा. तुम्ही हे सगळं दोन दिवस नुसतं बघितलंत. तिसऱ्या दिवशी खिडकीत उभं राहून विचारलंत, "सई खेळती कुटं?"

आमची लेक तिथंच खेळायची, मी खाली पार्किंग दाखवलं.

"हितं तर गाड्याच खेळत्यात की!" असं म्हणून तुम्ही भाकरी थापायला बसलात. थोड्या वेळानं, तव्यावरून नजर न काढता म्हणालात, "सोलापूरला या. महेशचं काम कंपुटरवरच हाय न्हवं? त्याला काय, पुणं आन् सोलापूर सारकंच."

मला हसू आलं होतं आणि रागही. माझा जन्म पुण्यातला! सोलापूर म्हणजे माझ्या लेखी चादरी, ऊन आणि धूळ. आगीतून निघून फुफाट्यात कशाला पडायचं? पण फुफाटा निदान परवडणारा होता. शेवटी मी महेशला म्हटलं, एक वर्ष. नाही पटलं तर परत यायचं, आणि मग कुणी मला एका शब्दानं बोलायचं नाही. मी हे मुद्दाम तुम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं होतं. तुम्ही नुसतं म्हणालात, "बरं. वरीस तर वरीस."

आणि खरंच एका शब्दानं बोलला नाहीत! आत्ती, मला तुमचं सगळ्यात जास्त कौतुक कशाचं वाटतं, सांगू? तुम्ही मला सोलापूर कधी विकलं नाहीत. गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणालात, "हितं ऊन लई. धूळ लई. पाणी चार-पाच दिसाआड येतंय, कधी त्याबी परीस उशिरा. वाईट तेवढं मी सांगती, चांगलं असंल तर तुजं तू बघ." दुसरं कुणी असतं तर स्टेशनपासूनच मोठेपणा सुरू झाला असता. दुरून डोंगर साजरे म्हणतात. सोलापूर तर दुरूनही साजरं दिसत नाही. ते दिसायला जवळ यावं लागतं, आणि मला जवळ येण्याची घाई तुम्ही कधी केली नाहीत.

घर शोधायची तुमची तऱ्हा तर मी पुण्याच्या मैत्रिणींना अजून रंगवून सांगते. मी रविवारी आले होते, सोमवारी परत जायचं होतं. म्हटलं, चला, आजच बघून टाकू. तर तुमचं आपलं, "आज न्हाय. त्या गल्लीला मंगळवारी पाणी हाय. मंगळवारी बघू." मला वाटलं, नळाला धार किती येते ते बघायचं असेल. "नळाचं काय बघायचं, नळ सगळीकडं सारकाच. माणसं बघायची," असं म्हणून मला जबरदस्तीनं ठेवून घेतलंत.

मंगळवारी पहिलं घर बघितलं. काय सुंदर घर होतं! नवी फरशी, स्वयंपाकघराला मोठी खिडकी. पण दाराशी दोन बायकांची नळीवरून अशी जुंपली होती की एकीनं दुसरीची बादली लाथेनं उडवली. तुम्ही शांतपणे चहा प्यायलात, कप विसळून ठेवलात आणि बाहेर येऊन म्हणालात, "घर झ्याक हाय. पर तू हितं टिकायची न्हाईस."

मग अंबूबाईंचं घर. पुढे दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या, मधे त्यांचा संसार आणि मागे टॉवेलांचे माग, दिवसभर खडाखडा चालणारे. माझं डोकं तिथंच उठलं. आणि तुम्ही काय बघत होतात? अंबूबाईंच्या हातात नळी होती, त्यांची स्वतःची पिंपं रिकामी होती, आणि त्या शेजारच्या म्हाताऱ्या आजींची घागर भरून देत होत्या. तेलुगूत काहीतरी बडबडत, बहुतेक नळाला शिव्याच घालत. आजींचं झालं, मग समोरच्या घरी नळी गेली, मग अंबूबाईंच्या पिंपात. कुणी कुणाला हाक मारली नाही की कुणी "माझा नंबर" म्हटलं नाही. "हे घर घे," तुम्ही म्हणालात.

"अहो, पण स्वयंपाकघरात अंधार आहे!"

"दिवा लाव की!"

अंबूबाईंना तुम्ही माझी ओळख करून दिलीत, "ही माजी सून." मी लगेच दुरुस्ती केली, "भाचेसून." नातं म्हणजे नातं, नेमकं सांगावं, असा आमचा पुणेरी बाणा. त्यानंतर किराणावाला, चक्कीवाला, डोळ्यांचे डॉक्टर, ज्यांच्याकडे मला पुढे चष्म्यांच्या काउंटरवर काम मिळालं ते, सगळ्यांकडे तुमचं तेच, "माजी सून", आणि मागून माझं तेच, "भाचेसून". तुम्ही कधी चिडला नाहीत आणि कधी सुधारलाही नाहीत.

आता ती गोष्ट, जिच्यावरून तुम्ही मला मरेस्तोवर चिडवणार होतात. आम्हाला इथं येऊन महिनाही झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी पाणी येणार म्हणून मी आदल्या संध्याकाळी दोन्ही पिंपं, घागरी, कळश्या, सगळं सगळं मोरीत पालथं केलं. शिळं पाणी कशाला ठेवायचं? नारळाच्या काथ्यानं घासून, चकचकीत करून भांडी ओळीनं मांडली आणि गल्लीकडे असं बघितलं की बघा, पुण्याची स्वच्छता! सकाळी नळाला टिपूस नाही. कुठेतरी मोठी पाइपलाइन फुटली होती. "उद्या येईल" म्हणाले. उद्याचं परवा झालं. अख्ख्या गल्लीत एकाच घरची भांडी लख्ख होती, आणि त्याच घरात तोंड धुवायला पाणी नव्हतं!

मी बादली घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही आधी पोट धरून हसलात. मग डोळे पुसत म्हणालात, "पोरी, नवं पाणी भांड्यात पडल्याबिगर जुनं सांडायचं न्हाय. हितलं लेकरूबी जानतंय हे."

तुमच्या दारातला रांजण गळ्यापर्यंत भरलेला होता. मला हायसं वाटलं, मी झाकण काढून बादली पुढे केली. तुमचं हसू एकदम थांबलं. "त्याला हात लावू नगंस. ते आपलं न्हाय."

"मग कुणाचं आहे?"

"ज्याला तान लागंल त्याचं."

मला रागच आला. ज्या गावात पाण्याची ही तऱ्हा, तिथं रस्त्यावरच्या माणसांसाठी भरलेला रांजण, आणि घरची नात पारोशी! तुम्ही माझी बादली आत नेलीत आणि तुमच्या पिंपातून भरून दिलीत. संध्याकाळी एक घागर, दुसऱ्या दिवशी आणखी एक. मी नेत राहिले. तुमच्या पिंपात किती उरलंय, हे मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. त्या दोन दिवसांत मी कधीही आले तरी तुम्ही पायरीवर बसून कडक भाकरी खात होतात, हातात कागद, कागदावर चटणी. मी म्हटलं, "आत्ती, वरण-भात नाही का केला?" तर म्हणालात, "कडक भाकरी आवडती मला." खरंच आवडायची तुम्हाला. पातळ भाकऱ्या तव्याच्या कडेला लावून अशा वाळवायचात की पापडासारख्या मोडायच्या, महिना महिना टिकायच्या. मला संशय यायचं कारणच नव्हतं.

तुमच्या दहाव्याला अंबूबाईंनी सांगितलं. तुमच्या पिंपात तळाला पाणी राहिलं होतं. भात शिजवायला पाणी लागतं, ताट घासायला पाणी लागतं, म्हणून तुम्ही चूल पेटवली नाहीत. अंग ओल्या फडक्यानं पुसत होतात. अंबूबाई घागर घेऊन आल्या तर तुम्ही त्यांना माझ्या दाराकडे वळवलंत, "तितं लेकरू हाय, तितं टाक." आणि रांजण? रांजण मात्र भरलेलाच!

आत्ती, हे मला सांगायला काय झालं होतं? मी काय परकी होते? मी घागरी परत आणून तुमच्या पिंपात ओतल्या असत्या! पण तुम्हाला ते नकोच होतं. पाणी देताना समोरच्याच्या डोक्यावर ओझं ठेवायचं नाही, हा तुमचा हिशेब. असलं दिलदार माणूस मी माझ्या अख्ख्या आयुष्यात दुसरं बघितलं नाही. हे तुमच्या तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही पदर तोंडाला लावून "काय बाई" म्हणाला असतात, म्हणून कागदावर लिहून टाकते.

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत सईला हाताला धरून फिरवलंत. पाळणा बघून ती घाबरली, तर तुम्ही म्हणालात, "चल, मी बसती संगट." या वयात! उतरल्यावर तोल जात होता आणि हसत होतात. त्याच आठवड्यात तापानं अंथरूण धरलंत.

दवाखान्यात मी तुमच्या उशाशी बसले होते. तुम्ही डोळे उघडलेत आणि मला वाटलं, आता काहीतरी मनातलं बोलाल. तर काय, "आज पान्याचा दिस न्हवं? तू हितं काय करतीस? जा, पानी भर जा." मी म्हटलं, "अंबूबाई भरतील." तेव्हा कुठे डोळे मिटलेत. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

तुम्ही सुमनताईंना तुळशीचं सांगितलंत, मांजराचं सांगितलंत. दूधवाल्याला निरोप धाडलात. रांजणाचं मात्र कुणालाच काही बोलला नाहीत. मला याचं फार वाईट वाटत होतं. इतकी वर्षं नळ आला की ज्याच्यात पहिली कळशी घातलीत, त्याचं माझ्याकडे सोपवावं, एवढाही माझ्यावर भरवसा नव्हता का?

आज सकाळी मावशी तहानलेल्या निघून गेल्या आणि मला एकदम कळलं. माझं वर्ष संपलं नव्हतं! "वरीस तर वरीस" म्हणाला होतात ना. रांजण माझ्या गळ्यात घातला असता तर मी इथं बांधली गेले असते. जाताजाताही तुम्ही मला मोकळं ठेवलंत. पायरीवर बसून मी खूप रडले, आत्ती. गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून बघायला लागली.

मग दुपारी पाणी आलं.

पाणी यायच्या आधीच मी अंबूबाईंच्या यजमानांकडून टॉवेलांची हातगाडी मागून घेतली होती. सुमनताईंना फोन केला, "रांजण नेऊ का?" त्या म्हणाल्या, "विचारतीस काय, ने की." महेशला हाक मारली. तो आला, रांजण बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि दुसऱ्या बाजूनं हात घातला. खाली गोणपाट घालून, दोन्हीकडून धरून, तिवईसकट आणला आमच्या दारात. वाटेत तीन बायकांनी सूचना केल्या आणि एका आजोबांनी आम्हाला वेड्यात काढलं.

आमच्या एका पिंपात तळाला जुनं पाणी होतं. ते मी सांडलं नाही बरं का! नव्या पाण्याची पहिली कळशी भरली आणि रांजणात घातली. इतके दिवस कोरडा होता, ती कळशी जवळजवळ मातीनंच पिऊन घेतली. दुसरी घातली, मग तिसरी. अंबूबाई नळी हातात धरून बघत होत्या. त्या तेलुगूत काहीतरी म्हणाल्या आणि नळी त्यांच्या पिंपाकडे न नेता सरळ रांजणात सोडली.

तेवढ्यात दादाचा फोन. त्याची मेहनत मला कळते हो. पण म्हटलं, "रागावू नकोस, तो फ्लॅट दुसऱ्या कुणाला तरी मिळू दे. आम्ही इथंच राहतोय."

"अगं, वेडी आहेस का? चार-चार दिवस पाणी नसतं तिथं!"

"म्हणून तर आत्ता बोलायला वेळ नाही, दादा. नळ चालू आहे." आणि फोन ठेवला.

तुम्ही हसलात ना? हसा. उन्हाळा तोंडावर आहे, सईला पुण्याच्या मैत्रिणीची आठवण येते, आणि मागांच्या आवाजात मला अजून दुपारी झोप लागत नाही. स्वयंपाकघरात अंधारही तेवढाच आहे. मी दिवा लावते.

संध्याकाळी मावशी रिकामी पाटी घेऊन आमच्या गल्लीतून परत चालल्या होत्या. दारात रांजण बघून थांबल्या. "आगं बया, म्हातारीचा रांजण हितं आला व्हय?" तांब्या घातला. या वेळी वाजला नाही, बुडाला. मान वर करून पाणी प्यायल्या, उरलेलं डोळ्यांना लावलं. मग मला खालीवर न्याहाळून म्हणाल्या, "तू कोन म्हनायची म्हातारीची?"

"सून," मी म्हटलं.

आत्ती, शब्द देते. या दारात मी आहे तोवर नव्या पाण्याची पहिली कळशी रांजणात पडेल, मग आमच्या पिंपात. पाइपलाइन फुटली तर आम्हीही कागदावर कडक भाकरी खाऊ, पण रांजणाला हात लावणार नाही. त्यासाठी भाकऱ्या तेवढ्या वाळवायला शिकायला हव्यात. कालच्या माझ्या तव्यावरच करपल्या.

तुमची सून,
माधवी